घाटावरून बंदराकडे : बेळगाव-निपाणी परिसरातील किनारी सहलींची ऐतिहासिक पार्श्वभूमी

दिवाळीची सुट्टी संपली की बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतील शाळा-महाविद्यालयांत सहलींची बोलणी सुरू होतात. गोवा, मालवण, वेंगुर्ले, शिरोडे, देवगड ही नावे दरवर्षी ठरलेली असतात. एक दिवसाची सहल असेल तर पहाटे निघून रात्री उशिरा परतायचे, दोन दिवसांची असेल तर सावंतवाडीत मुक्काम करायचा, ही पद्धतही आता जुनी झाली आहे. सहलीनंतर महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात एखाद्या विद्यार्थ्याचा वृत्तान्त छापून येतो. त्यात आंबोलीचे धुके, नारळी-पोफळीच्या बागा, ओहोटीच्या वेळी गोळा केलेले शिंपले आणि सूर्यास्त हे सर्व असते. नसतो तो फक्त ज्या रस्त्याने मुले खाली उतरली त्या रस्त्याचा इतिहास.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि त्याचा समुद्राशी थेट संबंध नाही, असे भूगोलाच्या तासाला सांगितले जाते. पहिले विधान बरोबर आहे, दुसरे मात्र इतिहासाला धरून नाही. गेल्या पाचशे-साडेपाचशे वर्षांत या शहराचे भवितव्य अनेकदा किनाऱ्यावरील बंदरांनी ठरविले आहे. घाटावरील माणसाने बंदराच्या गावी फिरायला जावे ही आजची साधी वाटणारी गोष्ट व्यापार, लष्कर आणि सरहद्दी यांनी घडविलेल्या एका रस्त्यातून निर्माण झाली आहे. बंदरांचा व्यापार बसला, रस्ता मात्र राहिला आणि त्याच रस्त्यावर पुढे सहली चालू लागल्या.

या विषयाची भाषाही विचारात घेण्यासारखी आहे. 'बंदर' आणि 'दर्या' हे मराठीतील शब्द फारसीतून आलेले आहेत. 'सफर' आणि 'सैर' हे मुळात अरबी आहेत. 'खलाशी' आणि 'नाखवा' यांची कुळीही अरबी-फारसीच आहे. ज्या 'मोसमा'त बंदर उघडते आणि मिटते तो 'मोसम' अरबी असून पोर्तुगीजांमार्फत तोच शब्द इंग्रजीत 'मान्सून' झाला. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवरील खलाशी एकमेकांशी बोलत होते, याचा हा पुरावा कोकणातील कोळ्याच्या रोजच्या बोलण्यात आजही सापडतो.

घाट आणि बंदर एका हाताखाली

बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान हा मूळचा इराणच्या उत्तरेकडील गिलान प्रांतातला. पंधराव्या शतकाच्या मध्यास तो व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बीदरला गेला. पुढे वजीर झाल्यावर त्याने कोकणावर जी मोहीम काढली तिच्यामागे व्यापारी माणसाची दृष्टी स्पष्ट दिसते. दख्खनच्या सैन्याला लागणारे घोडे समुद्रमार्गे येत असत आणि ती वाट विजयनगरच्या हाती राहणे बहमनी राज्याला परवडणारे नव्हते. १४७२ मध्ये गावानने गोवा घेतला. त्यानंतर लगेचच बेळगावचा किल्ला घेण्याची वेळ आली, कारण बेळगावच्या राजाने विजयनगरच्या सांगण्यावरून गोवा परत मिळविण्याचा प्रयत्न केला होता. गोवा हाती ठेवायचा तर घाटमाथ्यावरील बेळगाव हाती असले पाहिजे, हे समीकरण त्या वेळी प्रथम ठळकपणे मांडले गेले.

आदिलशाहीत हेच समीकरण कायम राहिले. बेळगावच्या किल्ल्यातील मस्जिद-ए-सफा ही १५१९ मधील असून ती असदखान लारीच्या नावाशी जोडलेली आहे. असदखानही समुद्रापलीकडूनच आलेला. 'लारी' हे उपनाम इराणच्या आखाताकडील लार या गावावरून पडलेले आहे. बेळगाव ही त्याची जहागीर होती आणि पोर्तुगीजांशी विजापूरचे जे राजकारण चाले त्यात त्याचा मोठा हात असे. १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश हे प्रांत पोर्तुगीजांकडे गेले ते याच काळात. बेळगावच्या किल्ल्यात बसून गोव्याच्या किनाऱ्याचा विचार करणारा हा सरदार शहराच्या इतिहासात मशिदीपुरताच उरला आहे, हे योग्य नव्हे.

सतराव्या शतकातील उदाहरण याहून स्पष्ट आहे. विजापूरचा सरदार रुस्तुम-इ-जमान याच्या ताब्यातील प्रदेशाचे वर्णन सर जदुनाथ सरकार यांनी केले आहे. रत्नागिरीपासून गोव्याला वळसा घालून कारवार-मिर्जानपर्यंतचा किनारा आणि वर घाटावर कोल्हापूर व बेळगाव, असा तो प्रदेश होता. त्याचे ठाणे मिरजेला होते. म्हणजे आज दोन राज्यांत आणि अनेक जिल्ह्यांत विभागलेला हा मुलूख तेव्हा एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली होता. कारवारच्या इंग्रज व्यापाऱ्यांशी त्याचा व्यवहार होता आणि मिरी व कापड यांच्या व्यापारातून त्याला उत्पन्न मिळत असे. घाट आणि बंदर ही एकाच अर्थव्यवस्थेची दोन टोके आहेत हे त्या काळच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

वेंगुर्ल्याचा उदय याच चौकटीत झाला. ते विजापूरच्या हद्दीतील बंदर होते. १६३७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आदिलशाही दरबाराची परवानगी मिळवून तेथे वखार घातली. डचांना वेंगुर्ले हवे होते ते मुख्यतः गोव्याच्या शेजारामुळे. गोव्याची समुद्री नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना पाणी, तांदूळ आणि ताजे अन्न येथून पुरविले जाई. १६४८ मध्ये फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सुरतेहून येथे उतरला. किनाऱ्याला समांतर दूरवर पसरलेले मोठे गाव, असे त्याने वेंगुर्ल्याचे वर्णन केले आहे. त्यानंतर गावाने बरेच भोगले. शिवाजी महाराजांच्या आणि मोगलांच्या स्वाऱ्यांत जाळपोळ झाली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीच्या खेम सावंतांनी डच वखार लुटली. या वखारीची पडझड झालेली दुमजली इमारत वेंगुर्ल्यात उभी आहे. सहलीची बस मात्र बहुतेक वेळा तिच्या बाजूने थेट समुद्राकडे निघून जाते.

पलटणींचा रस्ता

१८१२ मध्ये सावंतवाडीकरांनी वेंगुर्ले इंग्रजांना दिले. चाच्यांचा बंदोबस्त हे त्याचे सांगितलेले कारण. सहा वर्षांनी, १८१८ मध्ये, जनरल मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि तेथे छावणी बसली. या दोन घटना शाळेच्या पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर येतात, पण बेळगावच्या दृष्टीने त्या एकत्र वाचायला हव्यात. छावणी घाटावर आणि तिचे बंदर घाटाखाली, अशी जोडी त्यातून तयार झाली. मुंबईहून निघालेले शिपाई, गोरे अधिकारी, त्यांची कुटुंबे, दारूगोळा आणि सामान जहाजाने वेंगुर्ल्याला उतरे आणि तेथून घाट चढून बेळगावला जाई. कँपातील जुन्या बंगल्यांत जे विलायती सामान आले त्यातील पुष्कळसे याच वाटेने आले असले पाहिजे.

आरंभीची वाट रामघाटाची होती. आजच्या तिलारी परिसरातून वर चढणारी ही वाट अवघड होती आणि बैलगाड्यांची मोठी वाहतूक तिला झेपत नव्हती. १८६० च्या दशकात सावंतवाडीहून पारपोली-आंबोलीमार्गे नवा घाटरस्ता बांधण्यात आला. हे दशक महत्त्वाचे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि धारवाड-हुबळीकडील कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. कापूस किनाऱ्यावर नेण्यासाठी रस्ते हवेत, अशी मागणी मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांकडून होऊ लागली. कारवार बंदराचा विकास करण्याचे ठरले आणि १८६२ मध्ये उत्तर कॅनरा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्याकडे आला तो याच हिशेबात. आंबोलीच्या रस्त्याला कापसापेक्षा छावणीची गरज अधिक कारणीभूत होती, परंतु घाट फोडून गाडीरस्ते करण्याची जी लाट त्या दशकात आली तिचाच तो भाग मानला पाहिजे.

बेळगाव ते वेंगुर्ले हे अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर भरते. या रस्त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. बेळगावहून हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करीत चंदगड तालुक्यातून आंबोलीपर्यंत रस्ता घाटमाथ्यावरूनच जातो. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक रस्ता संपला तरी उतार जवळजवळ झालेलाच नसतो. मग पुढच्या थोड्या अंतरात सगळी उंची एकदम उतरते आणि दाणोलीला आल्यावर हवा, झाडे, घरांची छपरे, बोली सर्व बदलते. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या बैलगाडीला हा प्रवास सहा ते आठ दिवसांचा. त्यामुळे मुक्कामाच्या जागा तयार झाल्या. आंबोली हे मूळचे असेच एक मुक्कामाचे ठिकाण. सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी पुढे त्याला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले. पलटणींचा थांबा हा हवापालटाची जागा झाला, तो असा.

खालून वर जाणाऱ्या मालात मीठ, नारळ, सुके मासे, आमसुले असत. वरून खाली धान्य, गूळ, कापूस, मिरची जाई. बेळगावच्या बाजारात सुक्या बांगड्याचा वास आणि वेंगुर्ल्याच्या घरात घाटावरचा गूळ, ही देवाणघेवाण पाहुण्यांच्या येण्याजाण्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावहून मुंबई गाठण्याची सोयीची वाटही वेंगुर्ल्याच्या आगबोटीचीच होती. हजला जाणाऱ्यांना मुंबई बंदर गाठावे लागे. तेव्हा या परिसरातील यात्रेकरूंना समुद्राचे पहिले दर्शन जेद्द्याच्या जहाजातून न होता वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर झाले असावे, असा तर्क करण्यास हरकत नाही.

रेल्वे आली, बंदर ओसरले

१८८७ मध्ये सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोहोचली. त्याच सुमारास मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा पोर्तुगीज हद्दीतील लोहमार्गही पूर्ण होत आला. आता पुण्याकडून आणि मुरगावकडून बेळगावला थेट आगगाडी मिळू लागली. बैलगाडीच्या आठवड्याभराच्या प्रवासाशी तिची तुलनाच नव्हती. पलटणी आगगाडीने येऊ लागल्या, कापूस आगगाडीने जाऊ लागला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार उतरणीला लागला. हे एकट्या वेंगुर्ल्याचे दुर्दैव नव्हते. राजापूरला अणस्कुरा घाट, खारेपाटणला बावडा घाट, देवगडला फोंडा घाट, अशी प्रत्येक बंदराची घाटावरील एकेका पेठेशी जोडी होती. लोहमार्गाने या साऱ्या जोड्या सैल केल्या.

येथे एक विरोधाभास दिसतो. बंदर म्हणून गावाचे महत्त्व कमी होत गेले आणि त्याच काळात 'समुद्रकाठी फिरायला जाणे' ही कल्पना सुशिक्षित वर्गात रुजू लागली. कारवारचे उदाहरण याबाबत बोलके आहे. कापसासाठी वाढवायला घेतलेले ते बंदर अपेक्षेइतके कधीच वाढले नाही. १८८३ मध्ये तेथे जिल्हा न्यायाधीश असलेले सत्येंद्रनाथ टागोर यांच्याकडे त्यांचे धाकटे भाऊ रवींद्रनाथ राहायला आले. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते. वाळूवरून फिरणे, चांदण्या रात्री काळी नदीतून होडीने जाणे, हे त्यांचे तेथील दिवस त्यांनी पुढे आठवणींत नोंदविले. 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटकही त्या वास्तव्यातील. व्यापारी ज्या किनाऱ्याकडे पाठ फिरवीत होते तेथे कवी फिरायला आला होता. आज कारवारचा किनारा रवींद्रनाथांच्या नावाने ओळखला जातो. ज्या गिरणीवाल्यांनी बंदर मागितले त्यांपैकी कोणाचेही नाव तेथे कोणी घेत नाही.

फिरण्याची ही चैन आरंभी सरकारी अधिकारी आणि त्यांच्या पाहुण्यांपुरती होती, हे विसरता येणार नाही. प्रवासी बंगले त्यांच्यासाठीच होते. सामान्य माणूस समुद्राकाठी जाई तो देवाच्या जत्रेला, पीराच्या उरुसाला, नातेवाइकांकडे किंवा मालाबरोबर. मात्र अशा प्रवासात फिरणे नव्हतेच असे समजणे चुकीचे ठरेल. गाडीवान माल उतरवून धक्क्यावर बसला असेल, उरुसाला आलेल्या बायकांनी पाण्यात पाय बुडविले असतील. त्याला 'सहल' म्हणण्याची पद्धत तेव्हा नव्हती, एवढाच फरक.

सरहद्दींचा खेळ

१९४७ पूर्वी बेळगावहून वेंगुर्ल्याला जाणारा प्रवासी दोन राजवटींतून जात असे. बेळगाव जिल्हा ब्रिटिश मुलूख होता आणि चंदगड भागही त्याच जिल्ह्यात होता. आंबोलीपासून सावंतवाडी संस्थान लागे. ते ओलांडले की वेंगुर्ल्याला पुन्हा ब्रिटिश रत्नागिरी जिल्हा. दक्षिणेस काही मैलांवर तेरेखोलपलीकडे पोर्तुगीज राज्य. इतक्या लहान टापूत इतक्या हद्दी असल्याने शिरोड्यासारख्या गावाला वेगळे महत्त्व आले. मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह शिरोड्याला झाला तो तेथील मिठागरांमुळे. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत याच गावी शिक्षक होते. शिरोड्याच्या वेळागरावर आज सहलीची मुले क्रिकेट खेळतात. त्यांना मिठागरे दाखवून घाटावर चढणाऱ्या मिठाच्या गाड्यांचा आणि मिठावरील कराचा संबंध सांगितला, तर इतिहासाचा एक तास तेथेच होऊ शकतो.

१९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि घाटाच्या माथ्यावरील हद्द पुसली गेली. घाट आणि बंदर मुंबई राज्यात पुन्हा एक झाले. हे ऐक्य अवघे आठ वर्षांचे ठरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून काढून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. पूर्वीची हद्द आंबोलीला होती, ती सरकून शिनोळीला, बेळगावच्या अगदी दाराशी आली. रस्ता तोच, गावे तीच, पण बेळगावकर शहराबाहेर पडून अर्धा तास झाला नाही तोच दुसऱ्या राज्यात प्रवेश करू लागला. सीमाप्रश्नाची चर्चा बहुधा भाषा आणि प्रशासन या अंगांनी होते. बेळगावचे बंदर दुसऱ्या राज्यात गेले, हे अंग त्यात क्वचितच येते.

याच सुमारास गोव्याची वाटही बंद झाली होती. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारत सरकारने गोव्याशी रेल्वे वाहतूक थांबविली. बेळगाव हे त्या काळात गोवा मुक्तीसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांचे मोठे केंद्र होते. तेव्हा गोव्याचा किनारा नकाशावर जवळ आणि प्रत्यक्षात परदेश, अशी स्थिती १९६१ च्या डिसेंबरपर्यंत राहिली. वेंगुर्ले, शिरोडे, मालवण यांचे बेळगावकरांच्या मनातील घट्ट स्थान त्या वर्षांत अधिकच पक्के झाले असेल तर नवल नाही. गोवा मुक्त झाल्यावर चित्र पालटू लागले. पुढे चोर्ला घाटाचा रस्ता झाल्यानंतर तर एक दिवसाच्या सहलीसाठी गोवा हाच पहिला पर्याय बनला. वेंगुर्ल्याच्या वाट्याला जुन्या वळणाची कुटुंबे आणि शैक्षणिक सहली उरल्या.

समुद्रमार्गाची अखेर सावकाश झाली. मुंबई-कोकण-गोवा प्रवासी बोटी स्वातंत्र्यानंतरही काही दशके चालत होत्या. १८७७ मध्ये सुरू झालेली आणि हजच्या जहाजांसाठी ओळखली जाणारी मोगल लाईन हिनेही १९७० च्या दशकात ही वाहतूक काही वर्षे सांभाळली. तीही थांबली. १९८१ मध्ये रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला, १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. जी बंदरे माल उतरविण्यासाठी वसली ती आता पाहुणे उतरवून घेण्यासाठी सजू लागली.

निपाणीची दुसरी वाट

निपाणीचा किनाऱ्याशी संबंध वेगळ्या घाटाने येतो. निपाणीहून राधानगरी, तेथून दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरून देवगड, असा हा रस्ता. आजही त्याचे नाव देवगड-निपाणी राज्यमार्ग असेच आहे. एका टोकाला तंबाखूची पेठ आणि दुसऱ्या टोकाला हापूस आंब्याचे बंदर, असा हा जोडरस्ता इतिहासाच्या अभ्यासकांकडून दुर्लक्षित राहिला आहे. देवगडची खाडी, किल्ला आणि दीपस्तंभ किंवा थोडे उत्तरेस विजयदुर्ग हे निपाणीकरांना एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहे.

मात्र निपाणीत दुसराही प्रश्न उभा राहतो. फिरायला जाण्यासाठी सुट्टी लागते आणि सुट्टी प्रत्येकाच्या वाट्याला सारखी येत नाही. निपाणीच्या मुसलमान, दलित आणि बहुजन वस्त्यांतील हजारो स्त्रियांनी विडी वळण्याच्या कामावर घर चालविले. विडीची मजुरी हजारावर मिळते. ज्या दिवशी विड्या वळल्या नाहीत त्या दिवशी मजुरी नाही. अशा घरात समुद्र पाहायला जाणे म्हणजे बसभाड्याचा खर्च आणि वर एका दिवसाची बुडालेली मजुरी. तंबाखूच्या प्रश्नावर निपाणीत १९८१ मध्ये झालेले शेतकऱ्यांचे आंदोलन आणि त्यातील गोळीबार सर्वांना माहीत आहे, विडी कामगार स्त्रियांच्या संघटनेचीही नोंद झाली आहे. परंतु मोकळा वेळ हाही एक हक्क आहे, या दृष्टीने त्या जीवनाकडे फारसे पाहिले गेले नाही. या घरांतील मुलीला समुद्र दिसण्याची शक्यता शाळा-महाविद्यालयाच्या सहलीतच अधिक. म्हणून ज्या संस्थेत पहिल्या पिढीच्या विद्यार्थिनी शिकतात तेथे सहलीची वर्गणी किती ठेवावी, कोणाला माफ करावी आणि पालकांची संमती कशी मिळवावी हे प्रश्न केवळ व्यवस्थापनाचे राहत नाहीत. मुलगी एकटी पाठवायला नकार देणारे वडील आईला बरोबर घेण्याची सोय झाली की तयार होतात, हा अनुभव या भागातील शिक्षकांना नवीन नसावा. आईच्या दृष्टीनेही ती बहुधा पहिलीच सहल असते.

बंदरावर काय पाहावे

किनारी गावात एक दिवस घालवायचा असेल तर वेळेची विभागणी कशी करावी, याचा विचार इतिहासाच्या शिक्षकाने वेगळा केला पाहिजे. जाताना सावंतवाडीत थांबा असतोच. मोती तलाव आणि राजवाडा पाहताना गंजिफाची पाने दाखवावीत. फारसी नावाचा, दरबारातून आलेला हा पत्त्यांचा खेळ सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी दशावताराच्या चित्रांनी रंगविला. ही कला संपत आली असता सावंतवाडीच्या राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला पुन्हा उभे केले. एका पत्त्यात दख्खनच्या संस्कृतीबद्दल एका व्याख्यानाइतके सांगता येते.

वेंगुर्ल्यात प्रथम वखार आणि मग बंदर, हा क्रम सोयीचा. वखारीच्या भिंतींची जाडी पाहिली की ही इमारत नुसत्या व्यापारासाठी बांधलेली नव्हती हे सांगावे लागत नाही. बंदराशेजारच्या टेकडीवर चढले की खालचा धक्का, किनाऱ्याचा अर्धचंद्र आणि दूर समुद्रातील वेंगुर्ल्याचे खडक दिसतात. इंग्रज खलाशी त्यांना 'जळकी बेटे' म्हणत आणि जहाजांना त्यांची मोठी धास्ती असे. मोठी जहाजे धक्क्याला का लागत नसत, आगबोट दूर उभी करून उतारूंना लहान पडावांतून का आणावे लागे, हे या टेकडीवरून मुलांना एका दृष्टिक्षेपात कळते. नैर्ऋत्य वाऱ्यापुढे उघडे असलेले हे बंदर जूनपासून पावसाळाभर मिटत असे आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की उघडत असे. सहलींचा हंगाम आणि जुन्या बंदराचा हंगाम जवळजवळ एकच आहे, ही गोष्टही तेथेच सांगता येईल.

धक्क्यावर मासेमारीच्या होड्या असतात. गाबित, खारवी आणि उत्तरेकडे रत्नागिरीच्या बाजूचे दालदी मुसलमान, हे या किनाऱ्याचे दर्यावर्दी समाज. त्यांच्याशी बोलण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. विद्यार्थ्यांनी प्रश्न आधी लिहून न्यावेत : जाळे कोणत्या महिन्यात टाकता, मासळी कोठे जाते, आजोबांच्या वेळी गलबत होते का. उत्तरांच्या नोंदी त्याच दिवशी बसमध्ये पक्क्या कराव्यात, घरी गेल्यावर त्या होत नाहीत. बंदरातील शेवटच्या गलबतांवर काम केलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. कागदपत्रे दप्तरखान्यात आणखी शंभर वर्षे टिकतील, पण या माणसांच्या आठवणींना तेवढी सवड नाही.

सीमेवर वातावरण तापले की सर्वांत आधी एस. टी. थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकात जाणाऱ्या आपल्या बसगाड्या काही काळ बंद ठेवल्या होत्या. डिसेंबर आणि फेब्रुवारी हे दोन्ही सहलींच्याच हंगामातील महिने. ठरलेल्या सहलीच्या आदल्या दिवशी असे काही घडले तर काय करायचे याची तयारी सीमाभागातील शिक्षकाला ठेवावी लागते आणि इतरत्र तो विषय कोणाच्या ध्यानातही येत नाही. गाड्या पुन्हा सुरू होतात तेव्हा बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावरील पहाट नेहमीसारखीच असते. सहलीच्या बसेस आंबोलीचा घाट उतरत असतात आणि त्यांच्या समोरून बर्फात भरलेली मासळी घेऊन गाड्या बेळगावच्या बाजाराकडे घाट चढत असतात.